देऊळ फिरलं, मनं तशीच राहिली

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलात की कुणीतरी तुम्हाला नंदी दाखवतोच. महादेवाच्या देवळात नंदी समोर असतो, इथं तो मागच्या अंगाला आहे. त्यामागची कथा आमच्या हिंगोली जिल्ह्यात लहान पोरालाही पाठ असते. नामदेव महाराज देवासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांना ते रुचलं नाही. शिंप्याच्या पोरानं समोरची जागा अडवू नये, मागं जावं, असं त्यांनी फर्मावलं. नामदेव मुकाट्यानं मागं गेले आणि तिथं गाऊ लागले. तेव्हा देवानं अख्खं देऊळ त्यांच्याकडं फिरवलं, नंदी तेवढा होता तिथंच राहिला. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांतही जातीवरून देवळातून उठवल्याचा आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग येतो. म्हणजे एकीकडं नामदेवांचं नर्सी आणि औंढा, दुसरीकडं शिखांचं नांदेड, दोन्ही बाजूंना ही एकच कथा नांदते. आमचं आखाडा बाळापूर या दोहोंच्या मधे, हिंगोली–नांदेड रस्त्यावर.

इकडच्या हरिनाम सप्ताहांत ही कथा ठरलेली असते. रात्रीचं कीर्तन रंगात आलेलं असतं, महाराज आवाज चढवत चढवत त्या जागेवर येतात, ‘देऊळ फिरलं!’ म्हणतात, मृदंगावर थाप पडते आणि मांडव ‘पुंडलिक वरदे’नं दणाणून जातो. टाळ माझेही वाजतात. पण वाजवता वाजवता एक प्रश्न दरवेळी उभा राहतो. एवढा दगड ज्याला फिरवता आला, त्याला चार पुजाऱ्यांची मनं फिरवता आली नसती का? ते काम तर बिनआवाजाचं होतं. नामदेवांचा अपमानच झाला नसता.

कीर्तनकाराला विचारलं तर तो हसून म्हणतो, मनं फिरवली असती तर कथा कुठली झाली असती? उत्तर चतुर आहे, पण एका कथेसाठी एका माणसाचा अपमान होऊ देणारा देव त्यातून उभा राहतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

जगातल्या आस्तिक तत्त्वज्ञांनी याच प्रश्नावर शेकडो वर्षं डोकं खपवलं आहे. देव सर्वशक्तिमान आहे, तो पूर्ण चांगला आहे आणि तरीही जगात दुष्टपणा आहे, ही तीन विधानं एकत्र नांदवायची कशी? १९५५ साली जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं ती नांदूच शकत नाहीत, असं ठणकावून मांडलं. त्याला सगळ्यात गाजलेलं उत्तर अमेरिकेतल्या आल्विन प्लांटिंगांचं. त्यांचं ‘गॉड, फ्रीडम अँड ईव्हिल’ हे पुस्तक १९७४चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चांगलं वागण्याला किंमत यायची तर वाईट वागण्याची मोकळीक खरी असावी लागते. मोकळीक दिली की ती कोण कशी वापरेल, हे देणाऱ्याच्या हातात उरत नाही. माणूस स्वतंत्रही असावा आणि त्यानं चांगलंच निवडावं अशी व्यवस्थाही देवानं करावी, ही मागणीच कदाचित अशक्य आहे. म्हणून दुष्टपणा आहे तो माणसाच्या निवडीचा, आणि त्यामुळं देव खोटा ठरत नाही.

आता औंढ्याची कथा पुन्हा बघा. देव दगडाला हात लावतो, मनाला लावत नाही. आमच्या आडगावच्या कथेनं प्लांटिंगांचा सिद्धान्त कितीतरी आधी सांगून ठेवला आहे म्हणायला हरकत नाही. एक कुसपट मात्र राहतं. डोळ्यांदेखत देऊळ फिरल्यावर पुजारी वरमले असतील, तर ते वरमणं कितपत स्वतंत्र? भीतीनं जोडलेले हात आणि पटून जोडलेले हात लांबून सारखेच दिसतात.

भूकंप, दुष्काळ मी इथं बाजूला ठेवतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते कुणाच्या निवडीतून झालं नव्हतं. तिथं स्वातंत्र्याची ढाल पुढं करताच येत नाही आणि तो वाद वेगळा आहे. मी बोलतोय ते माणसानं माणसाला केलेल्या वाइटाबद्दल.

त्यासाठीही बाहेर जायला नको. नामदेवांबद्दलच एक दुसरी कथा आहे, सप्ताहात सहसा न सांगितली जाणारी. तारुण्यात ते वाटमारी करत आणि चौऱ्याऐंशी स्वार त्यांच्या टोळीनं मारले, असं ती सांगते. वारकऱ्यांपैकी अनेकांना ती मुळीच मान्य नाही. हा नामदेव दुसराच कुणी असावा, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. इतिहास म्हणून मीही तिच्यावर भार टाकणार नाही. पण ज्या कुणी ही कथा रचली, त्याला दुष्टपणाचा प्रश्न मुळापासून कळला होता. कारण कथेत पुढं असं घडतं: हा दरोडेखोर औंढ्याच्या देवळात येतो. तिथं एक बाई रडणाऱ्या लेकराला गप्प करतेय. लेकरू भुकेलं आहे. तो विचारतो, याला जेवायला का घालत नाहीस? ती म्हणते, घालू कुठून, याचा बाप त्या स्वारांत होता, दरोडेखोरांनी मारला. तिला ठाऊक नाही की समोर उभा आहे तो कोण. तो आत जातो आणि स्वतःवरच शस्त्र चालवून घेतो, पुढं मग पश्चात्ताप, विठ्ठल, सगळं.

स्वातंत्र्याचा सिद्धान्त या कथेला चपखल लागू पडतो. देवानं त्याला मोकळं सोडलं, तो घसरला, मोकळा होता म्हणूनच परतू शकला, आणि परतला तो संत होऊन. फार सुंदर. फक्त हा सगळा हिशेब मारणाऱ्याच्या बाजूनं मांडलेला आहे. चौऱ्याऐंशी स्वारांनाही निवडीचं स्वातंत्र्य होतं की! त्यांतल्या कुणाला घरी परत जायचं होतं, कुणाला लेकराचं जावळ करायचं असेल. एकाच्या मोकळीकीनं चौऱ्याऐंशी जणांची मोकळीक कायमची संपवली. देव माणसाच्या स्वातंत्र्याचा एवढा मान राखतो, तर तो तलवार धरलेल्या हाताचाच का राखतो? स्वातंत्र्य मौल्यवान आहे हे कबूल, पण त्याचं मोल त्या देवळातल्या बाईनं भरलं आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. प्लांटिंगांच्या उत्तरात ही बाई कुठंच नाही.

आपल्या परंपरेला हा खड्डा दिसला होता. देवावर पक्षपाताचा आणि क्रूरपणाचा आरोप येतो, हे ब्रह्मसूत्रांनी आडवळण न घेता नोंदवलं आहे. त्या दोन आरोपांना तिथं वैषम्य आणि नैर्घृण्य अशी नावंच आहेत. उत्तर दिलं आहे कर्माचं. शंकराचार्य म्हणतात, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, साळीतून साळ आणि जवातून जव उगवतो तो बियाण्याच्या गुणानं; ईश्वर पावसासारखा आणि बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. मग पहिलं कर्म कुठून आलं? संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाही. तर्क म्हणून ही मांडणी घट्ट आहे. बाईचाही हिशेब तिच्यात लागतो: तिचं आणि तिच्या नवऱ्याचं पूर्वकर्म.

आणि नेमकं तिथंच माझं बिनसतं. आमच्या भागात धुऱ्यावरून भावकीत भांडणं होतात, कधी कुऱ्हाड चालते. तेराव्याला प्रवचन असतं. मांडवात गेलेल्याचा फोटो, हार, समोर बायकांच्या घोळक्यात त्याची आई. महाराज सांगतात, ‘माऊली, प्रारब्धाचा भोग कुणाला चुकला? एवढंच आयुष्य लिहून आणलं होतं.’ बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते, हे मी जाणतो. पण वाक्य तपासून बघा. मेलेल्याचा तो भोगच असेल, तर मारणारा नुसता पोस्टमन ठरतो. मागच्या जन्मीची मनीऑर्डर त्यानं या पत्त्यावर पोचवली. मग पोलीस ठाण्यात गुन्हा कशाचा नोंदवायचा, आणि हिंगोलीच्या कोर्टात खटला कुणावर चालवायचा? कर्मसिद्धान्त दुष्टपणाचं कारण सांगायला निघतो आणि दुष्टपणाच शिल्लक ठेवत नाही. प्रत्येक घाव हा न्यायच असेल, तर अन्याय नावाची गोष्ट जगात उरत नाही.

शास्त्री यावर म्हणतील, मारणाऱ्यालाही नवं पाप लागतंच. लागू दे. पण ज्याला मारलं जायचंच होतं त्याला मारल्याबद्दल पाप का लागावं, याचं सरळ उत्तर मला कुठं मिळालेलं नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारताना अचूक जागी बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की गोरगरिबांच्या आणि खालच्या ठरवलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकून टाकावी, याखेरीज या कल्पनेचा दुसरा हेतू दिसत नाही. मराठवाड्यात राहून हे वाक्य नुसतं तात्त्विक म्हणून वाचता येत नाही. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि परभणी, नांदेडपासून गावोगावी दलित वस्त्या पेटल्या. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारलं. त्या वर्षीची आषाढी होऊन महिनाही उलटला नव्हता. ज्या गावांतून वस्त्या जळल्या, तिथल्या कितीतरी दारांत पंढरीहून आणलेला बुक्का ताजा असेल. जाळणाऱ्यांना देव ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? आणि जळणाऱ्यांचं ते पूर्वकर्म होतं, असं म्हणायची हिंमत आज तरी कुणी करू नये.

‘त्या वेळी वारंच तसं होतं’, ‘लोकांची बुद्धी फिरली’, हे त्या दिवसांबद्दल अजूनही ऐकू येतं. गीतेतला अर्जुन हेच विचारतो: इच्छा नसताना, जणू कुणी बळजबरीनं जुंपल्यासारखा माणूस पाप करतो, तो कशामुळं? कृष्ण नाव घेतो ते कामाचं आणि क्रोधाचं. नशिबाचं नाही, देवाचंही नाही. अठराव्या अध्यायात मात्र गंमत आहे. एका श्लोकात ईश्वर सगळ्या भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, आणि दोनच श्लोकांनंतर कृष्ण अर्जुनाला सांगतो, नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. फिरवणारा देव आणि मोकळं सोडणारा देव इतके शेजारी शेजारी उभे आहेत. टिळकांना ही अडचण दिसली असणारच. ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ असं एक अख्खं प्रकरण त्यांनी लिहिलं आणि कर्माच्या रहाटगाडग्यातही आत्म्याला मोकळा होण्याचं स्वातंत्र्य आहे, असा निर्वाळा दिला. निर्वाळा मला मान्य आहे. पण टिळकांचं स्वातंत्र्य मुख्यतः मोक्षाकडं तोंड करून आहे. मला ते स्वातंत्र्य शेजाऱ्याच्या झोपडीकडं तोंड करून हवं आहे.

असं स्वातंत्र्य असतं का? असतं, आणि त्याचा पुरावा याच मातीत आहे. निजामाच्या राज्यात रझाकारांनी जे केलं ते जुन्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर उलट्या बाजूनं सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा केला आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर आमच्या शेजारचं नांदेडही नोंदवलं. दोन्ही वेळी मारणाऱ्यांच्या तोंडी देवाचंच नाव होतं. पण त्याच अहवालात आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना आसरा देणाऱ्या हिंदूंच्याही नोंदी आहेत. गाव तेच, दिवस तेच, अफवा आणि राग तेच. एकानं कुऱ्हाड उचलली आणि दुसऱ्यानं कडी काढून शेजाऱ्याला आत घेतलं. वारंच तसं असतं तर सगळीच कवाडं एका दिशेला आपटली असती.

म्हणून माझा कौल असा आहे: माणसाला स्वातंत्र्य आहे, हे सत्य देवाच्या बचावासाठी वापरायचं नाही. तिथं ते टिकत नाही, कारण देवळातल्या बाईला ते उत्तर देत नाही. ते वापरायचं माणसावरच्या आरोपासाठी. महात्मा फुल्यांनी नेमकं हेच केलं. फुले नास्तिक नव्हते. निर्मिक, म्हणजे निर्माता, त्यांनी मानला. त्यानं सर्व स्त्री-पुरुषांना स्वतंत्र निर्माण केलं, हे १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’चं मूळ सूत्र आहे. पण त्यातून त्यांनी निर्मिकाला दोषमुक्त करत बसण्यात वेळ घालवला नाही. सगळे स्वतंत्र आहेत, तर दुसऱ्याचं स्वातंत्र्य हिरावणारा निर्मिकाचा गुन्हेगार, एवढा रोखठोक अर्थ त्यांनी काढला. ईश्वर आणि दुष्टपणा यांवर मराठीत लिहिलेल्यांपैकी मला फुलेच सगळ्यात सरळ वाटतात.

मग देव नाहीच म्हटलं की प्रश्न सुटतो का? नरहर कुरुंदकर ज्या कुरुंद्याचे, ते आमच्याच जिल्ह्यातलं, वसमत तालुक्यातलं. कुरुंदकर उघड नास्तिक. पण मनुस्मृतीवर लिहिताना देव नाही एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुणी, कुणासाठी, कसले नियम केले हे त्यांना विचारावंच लागलं. देव वजा केल्यानं दुष्टपणाचं गूढ हलकं होतं, दुष्टपणा होत नाही. अशा बाबतीत नास्तिक आणि फुल्यांसारखा आस्तिक एकाच बाकावर येऊन बसतात.

तरी श्रद्धावंताचा प्रश्न उरतोच: देवाशी मग बोलायचं काय? याचं उत्तर वारकऱ्यांकडं आहे आणि ते सिद्धान्ताच्या रूपात नाही. १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. भिंत पडणं अपघात असेल. पण त्या भिंतीखाली कुठली माणसं असणार, हे अपघातानं ठरत नव्हतं. चोखोबांबरोबर ढोरं ओढल्याच्या कथा ज्या विठ्ठलाच्या सांगतात, त्यानं ती भिंत धरली नाही. नामदेव मंगळवेढ्याला गेले, त्या ढिगाऱ्यातून अस्थी शोधून त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वारात समाधी झाली. या आख्यानात नामदेव कुणाला कर्माचा सिद्धान्त ऐकवत नाहीत. ते ढिगारा उपसतात. चोखोबांनी स्वतः आपल्या जन्माचं कारण कधी पूर्वकर्मात शोधलं होतं. त्यांच्या मुलानं, कर्ममेळ्यानं, ते मुकाट गिळलं नाही. अशा जन्मात घालून वर आमच्याकडून भक्ती मागतोस, हा त्याच्या अभंगांचा सूर आहे, आणि तो थेट देवाला सुनावलेला आहे. संप्रदायानं हे अभंग फेकून दिले नाहीत, जपले. देवाची वकिली करण्यापेक्षा देवाकडं फिर्याद नेणं ही जास्त खरी भक्ती आहे, असा याचा अर्थ मी घेतो.

राहता राहिलं पसायदान. दुष्टांचा नाश व्हावा असं ज्ञानेश्वर मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावा म्हणतात. पण देव मनात हात घालत नाही असं आपण म्हणत आलो, तर हे मागणं मागितलं कुणाला? मला वाटतं, ते कुठं येतं हे पाहायला हवं. नऊ हजार ओव्यांचं समजावणं संपल्यावर ते येतं. बळ न लावता मन फिरवायचा तेवढाच एक रस्ता आहे: बोलणं, पटवणं, पुन्हा बोलणं. ज्ञानेश्वर मागतात ते बोलण्याला फळ यावं म्हणून. हे फळ १२९०पासून आजवर सावकाशच येतंय, आणि ते येईपर्यंतची भरपाई कुणाकडंही नाही.

तेव्हा विनंती आहे ती बोलणाऱ्यांनाच, आमच्या भागातल्या कीर्तनकार महाराजांना. औंढ्याची कथा जरूर सांगा, टाळ आम्ही वाजवू. पण ‘देऊळ फिरलं’ म्हटल्यावर लगेच गजर घेऊ नका. या गावात नामदेवाला मागं जा म्हणणारे आज कोण आहेत, ते आधी मांडवाला विचारा. आणि कुणी कुणाला मारलं असेल, जाळलं असेल, तर तेराव्याच्या प्रवचनात त्या मरणाला भोग म्हणू नका. खून म्हणा. मारणाऱ्याला वेगळं वागता आलं असतं, हेही त्या आईच्या समोर, भावकीच्या देखत सांगा.